निवृत्तीचे वय वाढले, शरीराचे काय?

तामिळनाडू सरकारने मे २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ५९ केले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते ६० वर नेले. केंद्र सरकारने हा निर्णय १९९८ मध्येच घेतला होता. महाराष्ट्रात बहुसंख्य राज्य कर्मचारी अजूनही ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि ही मर्यादा ६० करावी, अशी अधिकारी संघटनांची जुनी मागणी आहे. हा विषय निघाला की तिजोरीवरचा भार, तरुणांच्या संधी आणि रखडलेल्या पदोन्नत्या यांचा ऊहापोह होतो. वाढवून दिलेल्या दोन वर्षांत कर्मचाऱ्याचे शरीर कोणत्या अवस्थेत असेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणत्याही टिपणीत उमटत नाही. मी स्वतः तीसहून अधिक वर्षे टिपण्या लिहिल्या आणि वाचल्या, त्यामुळे हे विधान जबाबदारीने करतो आहे.

सरकारी नोकरदार हा या देशातील श्रमिकांचा अगदी लहान भाग. बाकीच्यांना निवृत्तीचे वय असे नसतेच; हातपाय चालतात तोवर काम चालते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची देशव्यापी पाहणी केली. साठी ओलांडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसे त्या वेळीही काम करीत होती. शेतकरी, शेतमजूर, किरकोळ दुकानदार, आचारी, वाहनचालक, हमाल असा हा वर्ग आहे. पंचेचाळीस ते पासष्ट या वीस वर्षांत त्याच्या शरीरात काय घडते, यावर पुढे त्याच्या कुटुंबाचे अर्थकारण ठरते. मिळवत्या माणसाचा पक्षाघात म्हणजे घरातील एक मिळकत बंद आणि शुश्रूषेसाठी घरी थांबणाऱ्याची दुसरी मिळकतही बंद.

या प्रश्नाचा विचार मी तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारुच्या निमित्ताने करू इच्छितो. निवृत्तीनंतर सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद पाहण्यासाठी मी तंजावरला जाऊ लागलो आणि प्रत्येक फेरीत दहा-बारा किलोमीटरवरचे हे गाव पायांखालून जाऊ लागले. पाच नद्यांचे गाव, असा त्याच्या नावाचा अर्थ. कावेरीच्या काठी संत त्यागराजांची समाधी आहे आणि दरवर्षी पुष्य बहुल पंचमीला त्यांच्या आराधनेसाठी देशभरचे गायक-वादक इथे जमतात. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटू नये. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी इथे स्थापन केलेली सत्ता १८५५ पर्यंत टिकली आणि बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. परंतु तिरुवैयारु निवडण्याचे कारण केवळ ममत्व नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के, तर तामिळनाडूत १०.४ टक्के होते. वार्धक्याच्या वाटेवर हे राज्य आपल्या एक पाऊल पुढे आहे. त्याने काय साधले आणि कुठे तो अडला, हे पाहणे आपल्या हिताचे आहे.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार आहे. कुरुवै, सांबा आणि ताळडी या भाताच्या हंगामांवर इथला दिनक्रम बेतलेला असे. नांगरणी, लावणी, कापणी, मळणी ही सारी कामे अंगमेहनतीची होती आणि त्या मेहनतीला ताटभर भाताचे इंधन लागत असे. आता नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आहे आणि कापणी-मळणी यंत्र एकाच फेरीत उरकते. पन्नाशीतला शेतकरी बांधावर उभा राहून यंत्रावर देखरेख करतो आणि मोटारसायकलवरून घरी येतो. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही; कमरेत वाकून चिखलात दिवस काढणाऱ्या बाईला यंत्राने सोडवले असेल तर ते चांगलेच झाले. अडचण इतकीच की, श्रम घटले तरी ताट बदलले नाही. जून २०११ पासून तामिळनाडूत शिधापत्रिकेवर तांदूळ विनामूल्य मिळतो. भूक हटवण्याच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी आहे. पण जे फुकट मिळते तेच शिजते, आणि डाळ, भाजी, अंडी, मासे यांचे भाव मात्र बाजार ठरवतो.

पांढऱ्या भातावरचे हे अवलंबन नवे नाही. तामिळनाडूतीलच कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांच्या गटांना हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार देऊन त्यांची वाढ मोजली. शिखांच्या आहारावर वाढलेले उंदीर सर्वांत धडधाकट निघाले, मद्रासी आहारावरचे सर्वांत खुरटे, आणि मराठ्यांचा आहार या दोहोंच्या मध्ये. त्यांच्या कामातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. तेव्हाची चिंता कुपोषणाची होती. आजची चिंता वरवर पाहता उलट दिसते, पण मूळ तेच आहे: पोट भरते, परंतु प्रथिने आणि भाज्या कमी पडतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने २००८ ते २०२० या काळात १ लाख १३ हजार प्रौढांची पाहणी केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३१ कोटी ५० लाख लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. याच पाहणीतील आहारविषयक भाग २०२५ मध्ये आला. भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा व साखरेचा, आणि प्रथिनांचा जेमतेम १२ टक्के. त्यातील एक निष्कर्ष मराठी घरांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. भाताऐवजी गव्हाची पोळी किंवा नाचणीची भाकरी घेतल्याने, एकूण पिष्टाचे प्रमाण तेच राहिले तर, मधुमेहाचा धोका कमी होत नाही. ‘भात सोडला, आता चार पोळ्या खातो’ असे समाधानाने सांगणारे अनेकजण माझ्या परिचयाचे आहेत. धान्य बदलून भागत नाही. ताटातली धान्याची जागा कमी करून तिथे डाळ, उसळ, भाजी, दही यांना बसवावे लागते.

आपण सडपातळ आहोत म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन यडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा दोघांचा शरीरभार निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र यडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला कृश आणि आतून चरबीयुक्त, ही भारतीय देहाची ठेवण आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेची फीत अधिक खरे बोलते. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. तिरुवैयारुच्या बाजारात काय किंवा सोलापूरच्या, हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेले पन्नाशीचे पुरुष पाहिले की, या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे दोन तंजावरी संदर्भ आठवतात. रघुनाथ गणेश नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ अन्नपदार्थांचे गुणदोष सांगतो. समर्थ संप्रदायाशी संबंध असलेल्या या पंडिताला व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय होता, आणि परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याचा काळ सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणातील ठरवला आहे. दुसरा संदर्भ दुसऱ्या सरफोजीराजांचा. १७९९ मध्ये राज्यकारभार कंपनीकडे गेल्यावर या राजाने उरलेली शक्ती विद्येकडे वळवली. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी रंगीत चित्रांसह ठेवल्या जात. त्या नोंदी आजही सरस्वती महालात आहेत. जुन्या काळी सारे आलबेल होते, असा याचा अर्थ मी लावत नाही. त्या काळी पन्नाशी गाठणे हेच भाग्याचे होते. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आहार हा राज्यकर्त्यांच्या आस्थेचा विषय होता, आणि रुग्णाची नोंद हे वैद्यकाचे पहिले साधन मानले जात होते.

कामाचे स्वरूप आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध प्रथम नोंदींमधूनच सिद्ध झाला. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. गणवेश एक, गाडी एक, फरक केवळ बसण्याचा. आपल्याकडे एसटीचा चालक, तलाठी, शिलाईयंत्रावरचा कारागीर आणि दुकानाच्या गल्ल्यावरचा मालक हे सारे त्या चालकाच्या बाजूचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. आठवड्याला १५० मिनिटे जोमदार चालणे हा किमान दंडक आहे. वय वाढेल तसे त्याला स्नायूंचे बळ आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामाची जोड द्यावी लागते, कारण पासष्टीनंतरचे एक पडणे कधीकधी सारे आयुष्य अंथरुणाला खिळवते.

तिरुवैयारुची कीर्ती गाण्यापाठोपाठ ‘अशोका’ हलव्यासाठी आहे. मुगाची डाळ, साखर आणि तूप यांचा हा केशरी पदार्थ केळीच्या पानावर येतो आणि सोबत तिखट शेवचिवडा. आराधनेला आलेल्या पाहुण्याने तो खावा. वर्षातून एकदा खाल्लेल्या गोडाने कोणी आजारी पडत नाही. घातक असतो तो रोजचा, नजरेआडचा भाग: दिवसात पाच वेळा घेतलेली साखरेची कॉफी, जेवणातले लोणचे-पापड, दुपारची भजी. मिठाची दैनिक मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. पापड आणि लोणचे आले की ती पहिल्या जेवणातच संपते.

पानाचेही तसेच. कावेरीकाठी नागवेलीचे मळे आहेत आणि विडा हा आदरातिथ्याचा भाग आहे. परंतु सुपारी, तंबाखूविनाही, कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. तंबाखूच्या बाबतीत महाराष्ट्राने तामिळनाडूकडे बोट दाखवू नये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तामिळनाडूतील २० टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते, महाराष्ट्रातील २६.६ टक्के. आपल्याकडे त्यातील बहुतांश वाटा चुना-तंबाखूच्या चिमटीचा आहे. भूक मारण्यासाठी, झोप उडवण्यासाठी, दातदुखी दाबण्यासाठी ती घेतली जाते. ती सुटावी असे वाटत असेल तर भूक, झोप आणि दात यांची सोय आधी पाहावी लागेल.

दारूबाबत शासनाने आपले स्वतःचे हिशेबही तपासावेत. तामिळनाडूत २००३ पासून मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करते. महाराष्ट्रात विक्री खासगी आहे, महसुलाची ओढ तीच आहे. एका खात्याने बाटली विकायची आणि दुसऱ्याने यकृतावर उपचार करायचे, या व्यवहारात कोणती बाजू तोट्यात जाते, याचा एकत्रित ताळेबंद कोणतेही सरकार मांडत नाही.

आता तामिळनाडूच्या यशाकडे वळू. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यात ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना सुरू झाली. लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक, असा त्याचा अर्थ. बचत गटांतील स्त्रिया घरोघरी जाऊन रक्तदाब आणि रक्तशर्करा तपासतात आणि निदान झालेल्यांना, विशेषतः ४५ वर्षांपुढील व चालण्याफिरण्यास असमर्थ व्यक्तींना, घरी गोळ्या पोचवतात. फिजिओथेरपी आणि वेदनाशामक शुश्रूषाही तिच्यात येते. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कृतिगटाने तिचा गौरव केला. मजुरीचा दिवस बुडवून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्याची वेळ टळली, हा तिचा खरा लाभ. महाराष्ट्रानेही सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमाद्वारे गोळ्यांचा नियमित पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही पद्धत राबवली आहे.

तिरुवैयारु परिसरातील अशा एका स्वयंसेविकेशी माझे बोलणे झाले. तिच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, वृद्ध आणि गृहिणी घरी भेटतात. पन्नाशीतला मिळवता पुरुष भेटतो तो पावसाच्या दिवशी. ती येते तेव्हा तो शेतावर, भट्टीपाशी किंवा गाडीवर असतो. शेतमजूर बाईचेही तेच. तिची गोळी शेजारणीकडे ठेवावी लागते. तपासणीची वेळ कार्यालयीन असते, आणि ज्याला तपासायचे त्याची वेळ कामाची. ही अडचण ओळखूनच तामिळनाडूने २०२४ मध्ये कारखान्यांत जाऊन कामगारांची तपासणी करण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात आठ किलोमीटरचा आरोग्यमार्ग आखून लोकांना चालण्यास प्रवृत्त करण्यात आले होते.

कायदाही त्या दिशेने सरकला आहे, पण त्याची क्रमवारी पाहण्यासारखी आहे. अखिल भारतीय सेवांतील ४० वर्षांवरील अधिकाऱ्यांसाठी वार्षिक वैद्यकीय तपासणी २००७ च्या नियमांनी आली. कामगाराला तीच सोय मिळण्यास २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावे लागले. त्या दिवशी लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार ४० वर्षांवरील कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. जपानने मालकावर असे बंधन १९७२ मध्येच घातले आणि २००८ पासून तिथे ४० ते ७४ वयोगटाच्या कमरेचा घेर मोजला जातो. शिवाय आपली कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. तिरुवैयारुतील हलव्याचे दुकान, नागवेलीचा मळा, तविल दुरुस्त करणारा कारागीर आणि रोजंदारीवरची शेतमजूर हे सगळे त्या आकड्याच्या अलीकडे राहतात. महाराष्ट्रातील रिक्षाचालक, ऊसतोड जोडपी, भाजीवाल्या आणि घरकामगार स्त्रियाही तिथेच आहेत.

यातून मला तीन गोष्टी निकडीच्या वाटतात. पहिली, तपासणीने कामाच्या वेळेला शरण जावे. आठवडी बाजार, बाजार समितीचे आवार, एसटी आगार, शिधावाटप दुकान, साखर कारखान्याचा गाडीतळ, या जागी पहाटे किंवा सायंकाळी रक्तदाब मोजला गेला पाहिजे. दुसरी, शिधापत्रिकेवर धान्याबरोबर डाळही नियमित मिळावी. तामिळनाडूत सवलतीच्या दरात तूरडाळ दिली जाते आणि २०२३ मध्ये नीलगिरी व धर्मपुरी जिल्ह्यांत तांदळाच्या काही हिश्श्याऐवजी नाचणी देण्यास सुरुवात झाली. तिसरी, पन्नाशीपुढील कामगाराच्या कामाची फेरमांडणी. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारा साठीचा शेतकरी, सलग दहा तास चाक धरणारा चालक, जेवणाची सुट्टी नसलेली परिचारिका, यांना ‘वेळेवर जेवा, सात तास झोपा, ताण घेऊ नका’ असा उपदेश करणे ही थट्टा आहे. सवयीचा अर्धा भाग माणसाच्या हाती असतो. उरलेला अर्धा त्याचे वेळापत्रक आखणाऱ्याच्या हाती.

आपल्या हातच्या अर्ध्या भागाची यादी लांबलचक नाही. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तशर्करा मोजावी. रक्तदाब १४०/९० च्या वर वारंवार येत असेल तर गोळी सुरू करण्यास कचरू नये आणि बरे वाटते म्हणून ती बंदही करू नये. कमरेला फीत लावावी, तंबाखू आणि सुपारी सोडावी, ताटात धान्य कमी व डाळ-भाजी अधिक घ्यावी, आणि रोज अर्धा तास दम लागेल असे चालावे. त्यागराज तिरुवैयारुच्या रस्त्यांवरून भजन गात भिक्षेला हिंडत असत आणि १८४७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय मी चालण्याला देणार नाही. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, ही इतिहासाची पहिली शिकवण. मात्र त्यांच्या गावात आज पायी फिरण्याजोगी सलग सावलीची वाट किती उरली आहे, हा प्रश्न नगरपालिकेने स्वतःला विचारण्यासारखा आहे, आणि आपल्याकडच्या नगरपालिकांनीही.

निवृत्तीचे वय वाढवण्याचा प्रस्ताव महाराष्ट्रात पुन्हा केव्हा तरी मंत्रिमंडळापुढे येईल. त्या टिपणीत वित्त विभागाचे अभिप्राय असतील, विधी विभागाचेही असतील. त्यांच्याखाली सार्वजनिक आरोग्य विभागाचा एक परिच्छेद असावा, आणि त्यात ज्यांना निवृत्तीच नाही अशा कष्टकऱ्यांचाही उल्लेख असावा. माणसाकडून अधिक वर्षे काम घ्यायचे, तर ती वर्षे त्याला पेलतील एवढे पाहणे हे काम घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते.